वाचकांचे प्रश्न : निवडणूक, मंडळी आणि आपली जीभ

निवडणुका जवळ आल्या की या सदराच्या टपालाचा नूर बदलतो. एरवी लग्नविधी, बाप्तिस्मा, मुलांची शिक्षणं यांवर विचारणारे वाचक एकदम मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, भांडणांवर येतात. नवापूर, साक्री, चोपडा, भुसावळ अशा गावांहून आलेली पत्रं थोडी आखूड करून, नावं गाळून देत आहोत. कोणता पक्ष बरा हे आम्ही सांगणार नाही, आणि तसं कुणी विचारलेलंही नाही.

प्रश्न : मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप उपासनेच्या वेळा, आजाऱ्यांसाठी प्रार्थना आणि मयतीचे निरोप यांसाठी काढला होता. आता तिथं पक्षांचे व्हिडिओ येतात. एकानं एका नेत्याचा चेहरा जनावराला जोडलेला फोटो टाकला. त्यावर दुसऱ्यानं 'विकला गेलेला ख्रिस्ती' असं लिहिलं. एका संध्याकाळीत कितीतरी जण ग्रुप सोडून गेले. मी ॲडमिन आहे. ग्रुपच बंद करून टाकू का? — एक वाचक, भुसावळ

बंद करू नका. भुसावळच्या मंडळीत रेल्वेतून निवृत्त झालेले, तमिळ आणि मराठी घरांतले, नगर-मराठवाड्याकडून येऊन स्थायिक झालेले असे सगळे एका छताखाली बसतात. त्यांना मयतीचा निरोप पोचवणारी दुसरी सोय तुमच्याकडे नसेल.

आज रात्रीच ग्रुप सेटिंग्जमध्ये जाऊन 'मेसेज फक्त ॲडमिन पाठवू शकतील' हे चालू करा आणि तीन-चार दिवस तसंच राहू द्या. कारण एका ओळीत लिहा : 'ग्रुप काही दिवस फक्त निरोपांसाठी.' त्याखाली बायबलचं वचन टाकू नका. बहुतेक ॲडमिन इथंच घसरतात. मृदू उत्तराने राग शमतो हे नीतिसूत्रांतलं वचन भांडणाच्या खाली चिकटवलं की दोन्ही बाजूंना वाटतं ते दुसऱ्यासाठी आहे, आणि ज्याला ते आपल्यासाठी आहे असं वाटतं तो चिडतो.

मग दोघांना फोन करा. मेसेज नको, फोनच. फोटो टाकणाऱ्याला आधी, कारण सुरुवात तिथून झाली. दोन्ही मजकूर स्वतः पुसा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. एकाचा पुसला आणि दुसऱ्याचा ठेवला, तर तुम्ही कुठल्या गोटातले ते ठरून जाईल. दोघांनाही सांगा की दोन्ही पुसलेत. सोडून गेलेल्यांना परस्पर पुन्हा ॲड करू नका. घरी जा किंवा फोन करा, 'लिंक पाठवू का?' एवढंच विचारा. काही जण नाही म्हणतील. त्यांचे निरोप वेगळे पाठवा आणि विषय सोडा.

ग्रुप पुन्हा उघडताना नियम वर पिन करून ठेवा, तोही चार ओळींत मावेल एवढाच. ग्रुप कशासाठी आहे. पक्षाचा, नेत्याचा, उमेदवाराचा कोणताही मजकूर नको, बाजूचा नको आणि विरोधाचाही नको. मतदानाची तारीख, केंद्र, मतदार यादीतलं नाव यांची माहिती चालेल. तक्रार असेल तर ॲडमिनला खासगीत. लांबलचक नियमावली कुणी वाचत नाही, आणि पुढं तिच्याच कलमांवरून वाद होतात.

काही मंडळ्या 'चर्चा' नावाचा दुसरा ग्रुप काढतात. आमचं मत विचाराल तर तसं करू नका. तिथं लिहिणारे चारच उरतात आणि बाकीचे तमाशा बघतात. ज्यांना कापसाच्या भावावर किंवा केळीच्या पीकविम्यावर बोलायचंय त्यांनी ओट्यावर बसून बोलावं. तोंड दिसलं की माणूस शब्द सांभाळून वापरतो.

आता फॉरवर्डचं. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो अनेक हातांतून आलेला आहे. असा मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटला पुढं पाठवू देतं, ते उगाच नाही. पाठवण्याआधी पाहा : कधीचं आहे, कुठलं आहे, मूळ कुणी म्हटलंय. फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाका. जुना किंवा दुसऱ्या राज्यातला निघण्याची शक्यता बरीच असते. केंद्र सरकारच्या योजनेबद्दलचा दावा असेल तर पीआयबीचं, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्ट चेक पाहा. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण, गुन्हे याबद्दल काही असेल तर त्यानं स्वतः दिलेलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं.

'मी लिहिलं नाही, फक्त पुढं पाठवलं' हा बचाव शास्त्राला चालत नाही. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा बहुतेक प्रॉटेस्टंट मोजणीत नववी आहे, कॅथलिक मोजणीत आठवी. आणि बायबलच्या निर्गम पुस्तकात २३:१ मध्ये खोटी वार्ता पसरवण्यालाच मनाई आहे, ती रचली कुणी हे तिथं विचारलेलं नाही. मंडळीत जोरात बोलणाऱ्याला आपण लगेच टोकतो, पण हळू आवाजात खोटं पसरवणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. आमच्या मते दुसरा गुन्हा मोठा आहे. विरोधकाचा मान राखायचा तर त्याच्या नावावर तो न बोललेलं खपवू नये. गोड बोलणं त्यानंतर येतं.

चुकीचं पाठवलं गेलंच, तर गुपचूप पुसून भागत नाही. सगळ्यांसाठी पुसायची मुभा साधारण दोन दिवस असते, आणि तोवर स्क्रीनशॉट निघालेले असतात. ज्या ग्रुपवर चूक गेली त्याच ग्रुपवर लिहा : 'काल मी पाठवलेली माहिती चुकीची होती. कृपया पुढं पाठवू नका.' त्याला 'पण' जोडू नका.

राहिली तुमची जबाबदारी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा हेतू एक नसेल तर, ॲडमिन केवळ ॲडमिन म्हणून गुन्हेगार ठरत नाही. तेव्हा भिऊन ग्रुप बंद करण्याची गरज नाही.

प्रश्न : उमेदवार रविवारी उपासनेला येणार आहे. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) म्हणतात, पाहुणा आहे, दोन शब्द बोलू द्या, नाही म्हटलं तर अपमान होईल. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांत दोन तट पडलेत. — एक पंच, साक्री तालुका

बसू द्या. बोलू देऊ नका.

आदर्श आचारसंहितेत मशिदी, चर्च, मंदिरं यांचा प्रचाराचं व्यासपीठ म्हणून वापर करायला स्पष्ट मनाई आहे. त्याहून कडक आहे १९८८ चा धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा कायदा. संस्थेच्या मालकीची किंवा ताब्यातली जागा राजकीय कामासाठी वापरली किंवा वापरू दिली, तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'वापरू दिली' हे शब्द पाळकांना आणि पंचांना लागू पडतात. मागचा हॉल, कंपाउंड हेसुद्धा त्यात आलं, त्यामुळे 'चर्चमध्ये नको, हॉलमध्ये चहाला बोलू दे' ही पळवाट नाही.

लोकसभा-विधानसभेला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ आहेच. धर्माच्या नावानं मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, आणि २ जानेवारी २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की यात उमेदवाराचाच नव्हे तर मतदाराचाही धर्म धरायचा. 'अमक्याला मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल' हेही त्याच कलमात बसतं. पाळकांनी ते वाक्य गमतीतही म्हणू नये.

अपमान कसा टाळायचा? निरोप आधी द्या. शनिवारी संध्याकाळीच त्याच्या कार्यकर्त्याला फोन करून सांगा : 'साहेबांनी उपासनेला जरूर यावं. पण चर्चमध्ये आम्ही कुणालाच प्रचाराचं बोलू देत नाही, समोरच्या उमेदवारालाही देणार नाही.' शेवटचा भाग गाळू नका, सगळा मान त्यातच राखला जातो. उपासनेच्या वेळी दारात सांगितलं तर चारचौघांत पाणउतारा होतो आणि कार्यकर्ते हुज्जत घालतात. बसायला इतरांच्या रांगेतच जागा द्या, वेदीशेजारी खुर्ची नको. शाल-श्रीफळ नको, उपदेशपीठाजवळ फोटो नको. पाकीट दिलं तर ते अर्पणाच्या थैलीत जाईल, त्याची घोषणा होणार नाही. प्रार्थनेत उमेदवारांची नावं नकोत. आणि तुमच्याच मंडळीतला माणूस उभा असेल तर त्यालाही हेच, अगदी तंतोतंत. नियम पहिल्यांदा मोडतो तो घरच्या उमेदवारासाठी.

प्रश्न : आमच्या पाळकांच्या प्रार्थनेतून त्यांचा पक्ष कळतो. 'प्रभू, या दुष्ट सत्तेचा अंत कर' असं ते म्हणतात. मला आमेन म्हणवत नाही. — एक भगिनी, धुळे

१ तीमथ्य २ मध्ये राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय. ते राजे ख्रिस्ती नव्हते आणि भलेही नव्हते. प्रार्थना जाहीर असेल तर दुसऱ्या मताच्या माणसालाही मनापासून आमेन म्हणता आलं पाहिजे. 'जे सत्तेवर आहेत त्यांना न्यायानं वागण्याची बुद्धी दे, गरिबाचं रेशन आणि वनपट्टा अडू देऊ नकोस' ही प्रार्थना मवाळ नाही. तीत सत्तेचा हिशेब मागितलाय, पण कुणाला शाप दिलेला नाही.

पाळकांशी बोला, पण रविवारी दारात हात मिळवताना नको. आठवड्याच्या मध्ये, एकट्या, वेळ घेऊन. 'तुम्ही नेहमीच राजकारण करता' असं म्हणालात तर ते नाकारतील. नेमकं वाक्य सांगा, कुठल्या रविवारचं ते सांगा आणि तुम्हाला आमेन का म्हणता आलं नाही ते सांगा.

प्रश्न : मी मावची या आदिवासी जमातीचा, ख्रिस्ती. धर्म बदललेल्यांना आदिवासींच्या यादीतून काढावं, या मागणीच्या मोर्चात माझा चुलतभाऊच पुढे आहे. ग्रामसभेत हा विषय येणार असं दिसतंय. आमची पोरं तापली आहेत. मान राखायचा म्हणजे आम्ही ऐकूनच घ्यायचं का? — एक वाचक, नवापूर तालुका

ऐकूनच घ्यायचं नाही. पण आधी ऐकायचं, आणि तयारीनं बोलायचं. हा प्रश्न पोटाचा आहे, मुलांच्या दाखल्याचा आहे, त्यामुळे राग येणं साहजिक आहे.

पोरांना पहिल्यांदा कायदा समजावा, म्हणजे अर्धी धग तिथंच जाईल. अनुसूचित जमातींची यादी राज्यघटनेच्या कलम ३४२ खाली येते आणि तिच्यात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात मात्र धर्माची अट आहे. तिथं सुरुवातीला, पंजाबकडच्या काही शीख जाती सोडता, फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून नाहीत. दोन्हींची सरमिसळ करून बोलणारे दोन्ही बाजूंना आढळतात. जमातींच्या यादीत बदल करायचा तर तो संसदेनं कायदा करूनच होतो. ग्रामसभेनं ठराव केला म्हणून कुणाचा दाखला रद्द होत नाही. म्हणजे त्या दिवशी चावडीवर काही कायमचं ठरणार नाहीये. तिथं जे बिघडेल ते नातं.

आपल्याला अवघड जाणारी बाजूही माहीत असू द्या. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात म्हटलं की केवळ धर्मांतरानं जमातीचं सदस्यत्व जात नाही. पण तो माणूस जमातीच्या रूढी-परंपरा पाळतो का, तिच्या सामाजिक अडचणी त्याच्या वाट्याला येतात का, हे पाहावं लागेल. याचा पहिला अर्धा भाग आपण सांगतो, दुसरा अर्धा तुमचा चुलतभाऊ सांगतो. तुम्ही दोन्ही सांगा.

मग त्याची बाजू, त्याला 'हो, हेच म्हणतोय मी' असं वाटेल इतक्या नीट मांडायला शिका. साधारण ती अशी आहे : तुम्ही वाघदेवाला येत नाही, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला वर्गणी देत नाही, होळीला अंग चोरता; ज्या चालीरीतींवर जमात ओळखली जाते त्या सोडल्या, पण जमातीची जागा मात्र घेता, वर अल्पसंख्याकांच्या सवलतीही घेता. यातल्या सवलतींच्या मुद्द्याला उत्तर आहे. जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. मावची बोली, लग्नाची नाती, भाताचं शेत, शिक्षणाची अडचण ही दोन्ही घरांत सारखीच आहे. पण चालीरीतींच्या मुद्द्यात कायद्यापेक्षा दुखावलेपण जास्त आहे, आणि तिथं युक्तिवाद चालत नाही.

आपल्यातल्या कुणी गावदेवाला सैतान म्हटलं असेल, नारळ-शेंदराची टिंगल केली असेल, तर त्याची माफी मागा, आणि ग्रामसभेच्या आधी मागा. श्रद्धा सोडावी लागत नाही. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये प्रेषित पौल इफिस शहरात दोन वर्षांहून जास्त शिकवत होता. दंगल उसळली तेव्हा शहराच्या लेखकानं लोकांना सांगितलं की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. अर्तमीच्या शहरात, तिच्या भक्तांच्या तोंडून ही साक्ष मिळाली. आपल्या गावात आपल्याबद्दल कुणी असं म्हणू शकेल का, हे तपासून पाहा. वर्गणीचंही तसंच : पूजेला देणं मनाला पटत नसेल तर स्पष्ट सांगा, पण त्याच रकमेची भर विहिरीच्या गाळाला, रस्त्याला किंवा शाळेला घाला, आणि ती सणाच्या आधी द्या. नंतर दिलेली वर्गणी वसुलीसारखी दिसते.

ग्रामसभेच्या दिवसाची तयारी. नोटीस निघाली की विषयपत्रिका वाचा. विषय तिच्यात आहे का ते बघा. तुमच्या बाजूनं बोलणारा एकच ठरवा, शक्यतो वयस्क आणि गावातला. बाहेरचा पाळक किंवा पुढारी आणू नका, विषय लगेच 'बाहेरच्यांचा' होतो. बोलणं तीन मिनिटांत संपवा आणि कागदावर लिहून न्या. पहिलं मिनिट त्याची बाजू, दुसरं मिनिट कायदा, तिसऱ्यात मागणी : हा विषय संसदेचा आहे, गावानं यावर फूट पाडून घेऊ नये, अशी नोंद व्हावी. बोलायचं सरपंचांकडे बघून, चुलतभावाकडे नव्हे. मध्ये कुणी ओरडलं तर थांबा, उत्तर देऊ नका, मग सोडलं होतं तिथून पुढं चालू करा. पोरांना एका कोपऱ्यात घोळक्यानं बसू देऊ नका. प्रत्येकाशेजारी एक जाणता माणूस. आवाज चढलेच तर 'विषय तहकूब ठेवा' अशी विनंती करा आणि उठू नका. सभात्याग केला की इतिवृत्तात फक्त समोरच्यांचं म्हणणं उरतं.

दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या घरी जाऊन या. या विषयावर बोलू नका. लावणीची मदत, पाण्याची पाळी, बैलजोडीची देवघेव जी काही चालत आली असेल ती त्या आठवड्यात थांबू देऊ नका.

पाणी बंद करणं, मयतीला जागा नाकारणं, दुकानात माल न देणं, धमक्या देणं इथवर गोष्ट गेली, तर तो मतभेद राहिला नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. लेखी तक्रार पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या. तक्रार केल्यानं सौजन्य सुटत नाही. पौलानं फिलिप्पैत रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगून अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावलं आणि पुढं कैसराकडे दाद मागितली.

प्रश्न : सासरे एका पक्षाचे जुने कार्यकर्ते, मी विरुद्ध मताचा. जेवायला बसलो की तोच विषय, आणि मी बोललो की 'तुले काय समजस?' बायको मधल्या मध्ये भरडली जाते. — एक जावई, चोपडा

ताटावर वाद जिंकता येत नाही, आणि जिंकलाच तर पुढच्या वेळी भरीत घशाखाली उतरत नाही. एकदाच, शांतपणे सांगा : 'मामा, माझं मत वेगळं आहे, पण तुमच्या मताला मी हलकं समजत नाही.' त्यानंतर ते ज्यात जाणकार आहेत तिथं प्रश्न विचारा. त्या काळी सोसायटीची निवडणूक कशी व्हायची, पाटाचं पाणी गावात कुणी आणलं. त्यांना वाद नको असतो, मान हवा असतो, असं बऱ्याचदा निघतं. बायकोला पंच करू नका. परत जाताना गाडीत तिच्यासमोर त्यांचं विडंबनही नको. तुम्ही विसराल, ती विसरणार नाही.

प्रश्न : ग्रामपंचायतीला मंडळीतले दोन पंच वेगवेगळ्या पॅनलमध्ये होते. निकालानंतर दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एक जण प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी येतच नाही. नाताळच्या आत समेट घडवायचा आहे. — एक पाळक, नंदुरबार जिल्हा

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे भांडण विचारांचं कमी आणि भाऊबंदकीचं जास्त असतं. ते ओळखूनच सुरुवात करा. आणि नाताळची मुदत काढून टाका. सणाच्या उपासनेत सगळ्यांसमोर हात मिळवायला लावलेले समेट महिनाभर टिकत नाहीत. दोघंही मंडळीच्या दबावाला मान देतात, एकमेकांना नाही.

मत्तय १८ चा क्रम ठाऊक आहे तुम्हाला : आधी दोघंच, मग एक-दोन साक्षी, मग मंडळी. व्यवहारात पहिली पायरी गाळली जाते आणि प्रकरण थेट पंचांच्या बैठकीत येतं. तसं करू नका. दोघांकडे वेगवेगळं जा. प्रत्येकाला विचारून कागदावर तीन रकाने करा : तो काय बोलला, तो काय वागला, आणि पैशाचं काही आहे का. 'त्यानं मला पाडलं' ही तक्रार होत नाही. पाडणं हा निवडणुकीचा भागच आहे. 'त्यानं घरोघर सांगितलं की मी मंडळीचं अर्पण खाल्लं' ही तक्रार आहे, आणि ती खरी की खोटी हे वही उघडून ठरवता येतं. अर्पणाची वही दोघांसमोर उघडा. हिशेबाचा संशय प्रार्थनेनं फिटत नाही.

मग दोघांना तिसऱ्याच्या घरी बसवा. तो तिसरा कुठल्याच पॅनलचा नसावा, शक्यतो सोयराही नसावा. एकजण बोलत असताना दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, आणि उत्तर देण्याआधी ऐकलेलं परत सांगायचं : 'तुमचं म्हणणं असं आहे, बरोबर?' समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत उत्तर नाही. पहिल्या वेळी याला फार वेळ लागतो. लागू द्या. माफी मागायची तर कृत्याचं नाव घेऊन : 'मी अर्पणाबद्दल खोटं बोललो.' 'काही चुकलं असेल तर माफ करा' यात काहीच कबूल केलेलं नसतं. जे खोटं पसरवलं ते ज्या घरांत पसरवलं त्या घरांत जाऊन दुरुस्त करायचं, ही अट ठेवा. बहुतेक समेट इथं अडतात, म्हणून ती आधीच सांगून टाका.

प्रभुभोजनाला न येणाऱ्यावर कारवाईची घाई करू नका. मत्तय ५ मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. तो कदाचित ते तुमच्यापेक्षा गंभीरपणे घेतोय. दोघांनी पुढच्या वेळी एकाच पॅनलमध्ये यावं अशी अपेक्षाही नको. बारा शिष्यांत रोमच्या मांडलिक सत्तेसाठी कर गोळा केलेला मत्तय होता आणि जिलोत (रोमी सत्तेचा कट्टर विरोधक) म्हणवला जाणारा शिमोनही होता. त्यांची मतं जुळली असं शुभवर्तमानात कुठं लिहिलेलं नाही; एका पंगतीला बसले एवढं मात्र आहे.

प्रश्न : फेसबुकवर आम्हाला 'तांदळाचे ख्रिस्ती', म्हणजे पोटासाठी धर्म बदललेले, म्हणतात. उलट लिहावं की गप्प बसावं? — एक युवक, जळगाव

एकदा उत्तर द्या, तेही टोमणा न मारता, आणि त्यात एक तरी माहिती असू द्या. दुसऱ्यांदा देऊ नका. तिसऱ्या उत्तरापर्यंत मूळ विषय कुणाच्या लक्षात नसतो. आपले लोक जेव्हा नेत्यांना शिव्या देतात तेव्हाही त्यांना टोका. प्रमुख याजकानं तोंडात मारायला सांगितलं तेव्हा पौलाच्या तोंडून 'चुना लावलेली भिंत' असे शब्द गेले. तो अधिकारी आहे हे कळताच त्यानं नियमशास्त्राचा दाखला देऊन चूक मान्य केली. आपला दावा मात्र त्यानं सोडला नाही.

मारहाणीची चिथावणी, चर्च जाळण्याची भाषा, धर्माधर्मांत वैर पेटवणं असं काही असेल तर उत्तर देत बसू नका. स्क्रीनशॉटमध्ये खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. पोस्टची लिंक वेगळी लिहून ठेवा. भारतीय न्याय संहितेची कलमं १९६, २९९ आणि ३५३ अशा मजकुराला लागू शकतात. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, किंवा थेट पोलीस ठाण्यात. लोकसभा-विधानसभेची निवडणूक चालू असेल आणि मजकूर प्रचाराचा असेल, तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपमधूनच फोटो किंवा व्हिडिओ काढून टाका; त्या तक्रारीचा निपटारा शंभर मिनिटांत करायचा असतो. तक्रारीत विशेषणं नकोत. काय लिहिलं होतं, कुठं आणि केव्हा, एवढंच.

प्रश्न : मी मंडळीचा पंच आहे आणि पंचायत समितीला उभा राहतोय. पंचपद सोडावं का? — एक वाचक, शहादा तालुका

राजीनामा नको, रजा घ्या. अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंत, आणि ती पंचांच्या नोंदवहीत लिहून घ्या. त्या काळात उपासनेत सूचना वाचायच्या नाहीत, अर्पण गोळा करायचं नाही, प्रार्थना चालवायची नाही. मंडळीची सभासद यादी आणि फोन नंबर प्रचाराला वापरायचे नाहीत. ते लोकांनी तुम्हाला पंच म्हणून दिलेत. चर्चच्या फाटकावर पत्रकं वाटू नका, घरी जाऊन द्या. आणि मंडळीतल्या कुणाला 'मत मलाच ना?' असं विचारू नका. त्याला नाही म्हणता येणार नाही, मग तो खोटं बोलेल, आणि पुढची पाच वर्षं तुम्हाला टाळत फिरेल.